शिट्टी होईपर्यंत

माझा धाकटा भाऊ जत्रेतल्या रेवड्यांच्या कुस्तीत समोरच्या पोराला बघता बघता लोळवायचा, पण वेशीपासून ओढ्यापर्यंत पळत जा म्हटलं की अर्ध्या वाटेत बसकण मारायचा. साऱ्या गावाला हे माहीत होतं आणि पळण्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते लढाई संपली त्यानंतरच्या हिवाळ्यात, आणि असं अडलं की उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरात कुणाला सुखाचा घास गेला नाही.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडं, कृष्णेच्या अंगाला. सगळी उसाची गावं, आणि आळीआळीला तालीम. पोरगं जरा चालायला लागलं की त्याला तालमीच्या तांबड्या मातीत सोडायचं, ही आमच्याकडची रीत. जत्रेत मोठ्या जोड्या लागायच्या आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या होतात. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत पंच मूठभर रेवड्या टाकतात, म्हणून त्या रेवड्यांच्या कुस्त्या. सहाव्या वर्षापासून माझा भाऊ त्या रेवड्या घरी आणत होता. त्यामुळं घरातलं म्हशीचं दूध त्याला, तूप त्याला, वाटलेले बदाम त्याला, आणि मला उरलंच तर ताक. मी तोंडाळ. बोलून दाखवायचे. "मला बी दे की जरा," म्हटलं की आई म्हणायची, "तुला काय फडात उतरायचंय व्हय?"

वडील शिपाई होते. लढाईत समुद्रापलीकडं गेले आणि तिकडंच पडले. त्यांच्यामागं पलटणीत गेलेला माझा चुलता परत आला, पण एका पायानं अधू होऊन. शेवटच्या रजेवर आले होते तेव्हा वडील आईला एकच गोष्ट बोलून गेले होते, की या पोराला शिकवायचं, माझ्यासारखं नुसतं बंदूक धरून उभं राहायला लावायचं नाही. आई म्हणायची, "त्यांचा एवढा एकच शब्द माझ्याकडं ऱ्हायलाय." आणि शिकवणार कसं? गावात चौथीपर्यंत शाळा, पुढं काय?

तर त्या हिवाळ्यात चुलत्याला पलटणीतल्या कुणाकडून तरी कळलं, की शिपायांच्या पोरांसाठी सरकारची शाळा आहे. लांब दक्षिणेला. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं त्यांचं. पण पोरं कोवळी हवीत, मिसरूड फुटायच्या पुष्कळ आधीची. भाऊ तेव्हा दहाला टेकलेला. पुढच्या साली तो त्यांच्या हिशेबानं थोराड ठरणार होता. म्हणजे एवढी एकच खेप. निवड साताऱ्याला, चैत्रात. उंची, छाती, डोळे बघणार, थोडं लिहायला लावणार, आणि मग मैदानावर पळवणार.

पळवणार म्हटल्यावर मी खो खो हसले. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

चुलत्याला वाटलं, यात काय अवघड? पोराच्या अंगात जोर आहे, जोर वाढवला की दम आपोआप येईल. तालमीचे वस्तादही तेच म्हणाले. आमच्या भागात दुसरं कुणी काय सांगणार? जोर-बैठका दुप्पट केल्या. दूध दुप्पट केलं. सकाळी तूप, संध्याकाळी तूप. महिन्याभरात पोरगं असं तटतटलं की सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. दंड बघून शेजारीपाजारी खूश. आणि वेशीपासून ओढ्याकडं सोडला की आधी अर्ध्या वाटेत बसायचा तो आता त्याच्याही अलीकडं बसायला लागला.

त्याचं पळणं कसं, तर कुस्तीसारखं. चुलत्यानं "हां!" म्हटलं की हा बाणासारखा सुटायचा, मुठी आवळून, दात खाऊन. पहिल्या दमात गावातलं एकही पोर त्याच्या पुढं नसायचं. मग एकाएकी पाय जड. तोंड उघडं. बरगडीत हात. आणि खाली. चुलता लंगडत लंगडत मागनं यायचा नि ओरडायचा, "ऊठ! पलटणीत असं बसलास तर गोळी घालत्यात!" भाऊ उठायचा. पुन्हा तसाच सुटायचा. पुन्हा खाली. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. एवढं दूध पिऊन हे काय?

एके दिवशी दुपारी चुलत्यानं त्याला नांगरलेल्या रानात पळवला. मी बांधावर बसले होते. दोनदा पडून उठला. तिसऱ्यांदा पडला तो उठला नाही. ओठ पांढरेफटक, नाकातनं रक्त. चुलत्यानं त्याला खांद्यावर टाकायला बघितलं, पण त्या पायानं त्याचाच तोल जात होता. शेवटी मी आणि त्यानं मिळून उचलून घरी आणला. आईनं दारातून बघितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. भावाच्या नाकाला कांदा लावला, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, आणि मग उठून चुलत्यासमोर उभी राहिली.

"भावजी, एक दिला सरकारला. आता दुसरा तुमी घेताय व्हय?"

चुलता खाली मान घालून बाहेर गेला. त्या दिवसापासून पळणं बंद. शाळेचं नावसुद्धा बंद. पण आईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी करपायची, हाक मारली तर ऐकू जायची नाही. पाठवावा तर पोरगं मरेल, न पाठवावा तर नवऱ्याचा शब्द मरेल. असं ती मला एकदा दळताना बोलली. मी अकरा वर्षांची. मी आपली जात्याच्या खुंट्याला हात लावून जोरजोरात फिरवत बसले.

आता माझं सांगते. मला कुणी कधी पळायला शिकवलं नाही. पण सकाळी नदीचं पाणी, मग शेण, मग म्हसरं, मग डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन लांबच्या मळ्यात जायचं, आणि चालत गेलं तर भाकरी वाळते म्हणून दुडक्या चालीनं जायचं. दिवसभर पायाला उसंत नाही. आणि तोंडालाही नाही. एकटी असले तरी बोलत जायचे, बाभळीशी, बांधाशी, पाटीतल्या भाकरीशी. आमच्या आळीत माझं तोंड म्हणजे चेष्टेचा विषय होता.

भाऊ बरा झाल्यावर आईनं त्याला माझ्याबरोबर मळ्यात धाडला. घरात बसून सुस्त पडेल म्हणून. मी पुढं, तो मागं. वाटेत भांडण निघालं. शेवटच्या रजेवर वडिलांनी खांद्यावर कुणाला घेतलं होतं, मला का त्याला? तो म्हणे मला. मी म्हणे, तू तवा झोपला होतास, मला. तो म्हणे, खोटारडी. मी म्हणे, तूच. मी माझ्या चालीनं चाललेले, आणि भांडायचं म्हणजे त्याला माझ्या बरोबरीनं यावं लागणार. हमरीतुमरीवर आलो. आणि बघते तर समोर मळ्यातली विहीर.

मी थांबले. त्याच्याकडं नीट बघितलं. वेशीपासून ओढा होता त्याच्या कितीतरी पट वाट झाली होती. घाम होता, पण ओठ लाल होते. आणि तोंड अजून चालूच, "मलाच घेतलं हुतं, इचार आयंला."

"आरं," मी म्हटलं, "तू पळत आलास की."

तोही चपापला. मागं वळून वाट बघितली. मग म्हणाला, "मी कुठं पळालो? मी भांडत हुतो."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चाल वाढवली. त्याचे शब्द तुटायला लागले. "मला... बाबांनी... मला..." मी चाल कमी केली. शब्द पुन्हा सरळ झाले. मला एवढंच कळलं, की याला बोलता येतंय तोवर हा पडत नाही. बोलणं तुटलं की समजायचं, आता खाली बसणार. यात डोकं लागतं असं मला आजही वाटत नाही. पण आमच्या घरात हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण त्याला पळवताना सगळ्यांनी तोंड बंद ठेवायला लावलं होतं.

मी चुलत्याला जाऊन सांगितलं. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता.

"पळणं म्हंजी गप्पा हाणणं हाय व्हय गं? तोंड मिटायचं, नाकानं दम घ्यायचा. आमाला हेच शिकीवलंय."

"मग त्यो पडला कशापायी?"

चुलत्यानं हात उगारला. मी पळाले नाही. "बघा तरी एकदा," म्हटलं. "न्हाई जमलं तर मारा मला. दोन्ही हातांनी मारा."

दुसऱ्या सकाळी देवळापासून ओढा आणि ओढ्यापासून देऊळ, अशा आम्ही दोघांनी चकरा मारल्या. भांडत. लोक दारात येऊन बघायला लागले. एक म्हातारा ओरडला, "आरं, सोडवा रं त्या पोरांना, का मरणाची भांडत्यात!" चुलता काठीवर हनुवटी टेकून बसला होता. किती चकरा झाल्या ते मोजलं नाही. थांबलो ते मला कंटाळा आला म्हणून. संध्याकाळी चुलत्यानं आईला सांगितलं, "वैनी, दूध अर्धं करा. उरलेलं हिला द्या." त्या दुधाची चव काय सांगू बाई.

आई तयार झाली, पण भीत भीत. रोज पळून आलो की आधी त्याचे ओठ बघायची, मग छातीला कान लावायची. भाऊ जोरजोरात धापा टाकायचा आणि जरा बसला की पुन्हा उठून चिंचेवर. पोरांचं असंच असतं. दम जसा झटकन जातो तसा झटकन येतो. चुलता म्हणायचा, मोठा रंगरूट असता तर दिवसभर लोळला असता. आईला मात्र त्या झटकन जाण्याचीच धास्ती. मोठ्या हौसेनं ती "पळ" म्हणायची आणि पळायला लागला की डोळे मिटून घ्यायची.

चैत्र आला. भाऊ म्हणाला, "अक्का न्हाई तर मी न्हाई." म्हणून चौघं निघालो. बैलगाडीनं कराड, तिथून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं उंब्रजवरून सातारा. साताऱ्याला एका धर्मशाळेच्या ओसरीवर उतरलो. सकाळी उठते तर काय, आईनं कुठल्या तरी गवळ्याकडून तांब्याभर दूध आणलेलं, बरोबर आणलेलं तूप त्यात घातलेलं, गूळ घातलेला, आणि भावाच्या हातात तांब्या. मी ओरडले, "आयं, नको! पळताना ओकंल त्यो."

"उपाशी धाडू व्हय परीक्षेला?"

चुलताही म्हणाला, "असू दे गं. अंगात कायतरी पायजे." जन्माची तालीम ती, जाते कुठं! उकिडव्या बसलेल्या भावानं तांब्या तोंडाला लावला, आणि मी सरळ तांब्याला लाथ मारली. दूध ओसरीभर. आईनं माझ्या अशी कानशिलात ठेवून दिली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी रडले नाही. मला दहा वेळा मारली असती तरी मी दहा वेळा तांब्या उडवला असता. भावानं कोरडी चतकोर भाकरी खाल्ली आणि आम्ही मैदानावर गेलो.

मैदानावर हीऽ गर्दी. लोणंदकडची, खटावकडची, कुठकुठची पोरं. छातीला बिल्ले लावलेले आजोबे, पांढऱ्या कपाळाच्या बाया. फक्कीच्या रेघा मारलेल्या. एक गोरा साहेब, उन्हानं लालबुंद, आणि त्याच्याबरोबर एक सुभेदार. उंची झाली, छाती झाली, डोळे झाले. लिहिणंही झालं. भाऊ सगळ्यात पास झाला. मग ऊन चढल्यावर सुभेदार पोरांच्या पुढं उभा राहिला आणि हिंदीत ओरडला, "सीटी बजेगी तब रुकना! उसके पहले जो बैठा, जो चला, वो घर जाएगा!"

चुलत्याचा चेहरा उतरला. फेऱ्या किती, हेच कुणी सांगेना. साहेब मनात येईल तेव्हा शिट्टी वाजवणार. आईनं विचारलं, "म्हंजी कुठवर पळायचं?" चुलता म्हणाला, "शिट्टी हुईस्तवर." आई म्हणाली, "आन् न्हाईच झाली तर?"

"हां!" झालं आणि सगळी पोरं सुटली. आणि आमचा पैलवान सगळ्यांच्या पुढं! मुठी आवळून, दात खाऊन. महिनोन् महिने भांडलो ते सगळं पाण्यात. गर्दी बघितली, "हां" ऐकलं, आणि तो पुन्हा फडात उतरला. आई टाळ्या वाजवायला लागली, "पुढं हाय, पुढं हाय!" एक फेरी होता होता त्याचं तोंड उघडं पडलेलं मला लांबून दिसलं. मग एक हात बरगडीकडं गेला.

मी काही ठरवलं नाही. रेघेच्या बाहेरनं पळत सुटले, त्याला गाठलं आणि ओरडले, "अय ढोल्या! कुठं आग लागलीया व्हय रं?"

त्यानं नुसतं बघितलं. बोलता येत नव्हतं. ओठ पांढरे व्हायला लागले होते. मला नांगरलेलं रान आठवलं.

"बाबांनी मलाच घेतलं हुतं खांद्यावर. तू झोपला हुतास. घोरत हुतास!"

"न्हा... ई."

"व्हय! लाळ गळत हुती तुझी."

"न्हाई! खो... टारडी." चाल उतरली. मुठी सुटल्या. पोरं त्याच्या पुढं निघून गेली, जाऊ देत. "तूच झोपली हुतीस," तो म्हणाला. सबंध वाक्य! माझा जीव भांड्यात पडला. लोक आमच्याकडं बोटं दाखवून हसत होते. पुढं गेलेली पोरं एकेक करून बसायला लागली. एक जण ओकला. एकाला त्याच्या आज्यानं उचलून नेला. आम्ही भांडतोय, फेरीमागून फेरी, आणि शिट्टी काही होत नाही.

मग सुभेदार आडवा आला. शिट्टी न वाजवता त्यानं भावाला दंडाला धरून बाहेर काढलं. साहेब काहीतरी बोलला. सुभेदारानं चुलत्याला सांगितलं, की हा लडका अपने दम पर नहीं दौडा. दुसऱ्या टोळीबरोबर पुन्हा पळेल. एकटा. आणि ही छोकरी हलली तर नाव काटून टाकणार.

चुलत्यानं अधू पायावर उभं राहून सलाम ठोकला. "जी साब." मग माझं मनगट असं धरलं की हाड कळवळलं. आई म्हणाली, "भावजी, पुरे झालं. मरंल पोरगं. नको ती शाळा." चुलता म्हणाला, "वैनी, पुढच्या साली घेणार न्हाईत." आई भावाकडं गेली. त्याचे ओठ बघितले, छातीला कान लावला. मैदानाच्या मधोमध, एवढ्या लोकांत. तो उकिडवा बसून धापा टाकत होता. जरा वेळानं धाप बसली. आईनं विचारलं, "पळशील?" तो म्हणाला, "अक्का कुठं हाय?" आई म्हणाली, "ती हाय हितंच. पर ती येणार न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, तर चुलत्याचा पंजा माझ्या तोंडावर. तंबाखूचा वास अजून नाकात आहे. मला त्याला एवढंच सांगायचं होतं, की सावकाश सूट. तेवढंही सांगू दिलं नाही.

दुसरी टोळी सुटली. या वेळी भाऊ सगळ्यात मागं होता. पाय जड दिसत होते. आई माझ्या शेजारी उभी, पदर दातात धरलेला. पहिली फेरी आमच्यासमोरून गेली तेव्हा मी श्वास रोखून त्याच्या तोंडाकडं बघत होते. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीला मला दिसलं. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, निदान आमच्यापर्यंत येत नव्हता, पण ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या, मधेच मान झटकत होता. तो भांडत होता. मी नव्हते तरी माझ्याशी भांडत होता, आणि माझी उत्तरंही बहुतेक तोच देत होता. मी चुलत्याच्या पंजाखाली हसले की रडले, मला सांगता येणार नाही. पोरं गळत गेली. ऊन रणरणत होतं. शिट्टी होईना. आई पुटपुटायला लागली, "वाजीव रं बाबा, वाजीव, तुझ्या पाया पडते." साहेब सावलीत उभा राहून रुमालानं मान पुसत होता. भाऊ एकदा अडखळला, हात टेकला, उठला. ओठ थांबले. मला वाटलं, संपलं. मग पुन्हा हलायला लागले.

शिट्टी झाली तेव्हा मैदानावर अगदी थोडी पोरं उभी होती आणि त्यात तो होता.

साहेबानं त्याची पाठ थोपटली. चुलत्यानं माझं मनगट सोडलं आणि मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडला. आईनं धावत जाऊन भावाला पोटाशी धरलं. तो चिंब भिजलेला. पहिला शब्द बोलला तो, "आयं, पाणी."

सकाळी बरोबर घेतलेला पाण्याचा तांब्या आईच्या हातातच होता. पण आमच्याकडं घामावर पाणी देत नाहीत. पैलवानाला नाही, बैलाला नाही, पोराला नाही. छातीत पाणी होतं म्हणतात. सगळे तेच म्हणायचे, वस्ताद, चुलता, आई, मीही. आई त्याच्या पाठीवरनं पदर फिरवत म्हणाली, "थांब माझ्या राजा, घाम निवू दे. मग पोटभर पी."

"लय तान लागलीया."

"जरा थांब."

एवढ्यात सुभेदार नावं पुकारायला लागला. निवडलेल्या पोरांनी ट्रककडं चलायचं. मैदानाच्या कडेला लष्कराचा ट्रक उभा होता. सकाळपासून होता, आम्ही बघितलाही होता. आईला वाटलं, कागदावर अंगठा घ्यायला बोलावतायत. भाऊ गेला. एका शिपायानं त्याला काखेत धरून वर चढवलं. फळी लागली. इंजीन सुरू झालं. तेव्हा आईला कळलं, की पोरं आत्ताच निघाली. इथून मिरज, मिरजेहून रेल्वे, आणि तिथून शाळा. घरी जाणं नाही, कपडे नाहीत, दही-साखर नाही.

"अक्का," भाऊ फळीवरून वाकून ओरडला, "चढ की लवकर!"

त्याला वाटलं होतं, मीही येणार. अख्ख्या हिवाळ्यात त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठं सांगितलं होतं? मला तरी कुठं सुचलं होतं? आम्ही सगळे निवड निवड करत होतो.

आई तांब्या घेऊन ट्रकमागं धावली. आयुष्यात कधी पळाली नसेल अशी. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं. "घे रं, पी, पी!" ती ओरडत होती. ट्रकनं वळण घेतलं आणि धुरळा तेवढा राहिला.

परत आली तेव्हा तांब्यात तळाशी थोडं पाणी होतं. चुलता जमिनीकडं बघत होता. आईनं विचारलं, "तुमाला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"आन् बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर धाडला असता का तुमी, वैनी?"

आई तांब्या तसाच धरून वळली. मला चुलत्याचा असा संताप आला होता की त्याच्या हाताचा चावा घ्यावा. आज त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. भाऊ शिकला, मोठा झाला, वडिलांचा शब्द खरा झाला, हे सगळं आहेच. पण त्या दिवशी मोटारीत आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "तान्हेला गेला माझा." आणि पुढं कितीतरी दिवस घोटभर पाणी पितानाही तिचा हात थांबायचा.

वर्षानं तो पहिल्यांदा रजेवर आला. आई सकाळपासून वेशीवर उभी, हातात तांब्या. तो आला, उंच झालेला, रोडावलेला, केस बारीक कापलेले, पायात बूट. वाकून पाया पडला. आईनं तांब्या पुढं केला. तो म्हणाला, "तहान नाही आई. स्टेशनवर प्यायलोय." आता असं बोलायचा तो, शाळेतलं.

आईचा हात तसाच पुढं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी 'घे' म्हणून मान हलवली. मग त्यानं तांब्या घेतला, वर धरला, आणि तहान नसताना तळापर्यंत रिकामा केला. तो पीत होता तोवर आई त्याच्या हलणाऱ्या घशाकडं बघत उभी होती. मग तिनं तांब्या परत घेतला, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल घरला."